सातपर्यंत थांबले!

परवा बाजारात जुनी सहकारी भेटली. एका पतसंस्थेत आम्ही दोघी काउंटरला शेजारी शेजारी बसायचो. "अजून तिथेच का गं?" मी विचारलं. "कुठे जाणार बाई! घरापासून चालत दहा मिनिटं, त्यात पोरीची फी..." म्हणत ती मेथीची जुडी निवडायला लागली.

मला एकदम तिथले आमचे शाखाधिकारी आठवले. संध्याकाळी कॅश जुळली नाही की ग्राहकांसमोरच त्यांचा आवाज चढायचा. एकदा पाचशे रुपये कमी आले. चूक निघाली त्यांच्याच व्हाउचरमध्ये, पण ते कळेपर्यंत मी चारचौघांत चोर ठरले होते! त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द काही आले नाहीत. मार्चअखेरीला रात्री नऊ-नऊपर्यंत बसणारी मी, त्यानंतर साडेपाचला पर्स उचलायला लागले.

कॅनडातल्या मेयर आणि अॅलन या अभ्यासकांनी 1991 मध्ये मांडलंय, की माणूस नोकरीत तीन कारणांनी राहतो. मनापासून वाटतं म्हणून, सोडणं परवडत नाही म्हणून, किंवा सोडणं बरं दिसत नाही म्हणून. साहेबांना हवी असते पहिली निष्ठा, आणि चारचौघांतल्या अपमानाने आधी तीच जाते. माणूस खुर्चीवर दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच.

डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकापासून 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द सगळीकडे गेला. आमच्याकडे मात्र ती फक्त बायकांची ड्यूटी! चिडलेला ठेवीदार आला की, "ताई, तुम्हीच जरा समजवा." समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 मध्येच याला भावनिक श्रम म्हटलं होतं. पगारपत्रकात त्याचा रकाना अजून मी तरी पाहिला नाही.

आणि वर आम्हालाच सल्ला, 'आत्मविश्वास वाढवा'. अहो, रोज संध्याकाळी कुणी तो सोलून काढत असेल तर सकाळी आरशासमोर उभं राहून किती वाढवणार? हे शिबिर आधी साहेबांचं घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेथी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "आता नवीन मॅडम आल्यात. परवा कॅशमध्ये फरक आला, तर आधी स्वतःची व्हाउचरं काढून बसल्या."

"मग?"

"मग काय, मीपण थांबले सातपर्यंत. कुणी सांगितलं नव्हतं हं!"