चाळीस मिनिटांच्या बाळाची नोंद

यंदा मृगाच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीला बाळ झाले. बाळाच्या डोक्याची कवटी बनलेली नाही, ते जगणार नाही, हे पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीतच समजले होते. तरी तिने दिवस पूर्ण भरू दिले. बाळ चाळीस मिनिटे जगले. नर्सबाईंनी पाणी घालून बाप्तिस्मा दिला, बापाने मांडीवर घेतले. इस्पितळाच्या चिठ्ठीवर मात्र ‘मृतजन्म’ असे लिहिले गेले. बापाने विचारले तर उत्तर मिळाले, “घटकाभराचं पोर, कागद कशाला हवा?”

कागद हवा, असे आम्हांला वाटते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात या शब्दांचे अर्थ दिलेले आहेत. आईपासून पूर्ण बाहेर आल्यावर बाळाने श्वास घेतला, किंवा जिवंतपणाची दुसरी कोणतीही खूण दाखवली, तर तो जिवंत जन्म. मग दिवस कितीही भरलेले असोत. अशी एकही खूण नसेल आणि गर्भ नियमातल्या मुदतीचा, म्हणजे २८ आठवड्यांचा झालेला असेल, तर मृतजन्म. म्हणजे या बाळाचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही.

आपणां शेतकऱ्यांना हे नवे वाटू नये. बाप वारला तेव्हा पोटात असलेले मूल पुढे जिवंत जन्मले, तर ते इतर भावंडांसारखेच वारस, असे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे २७ वे कलम सांगते. (गोव्यातील बंधूंचा वारसा कायदा निराळा आहे.) जमिनीच्या हिश्श्यासाठी जे मूल मोजले जाते, ते नावासाठी का मोजू नये?

गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात शब्द इतके स्वच्छ नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात ‘लक्षणीय’ व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर २४ आठवड्यांची मर्यादाही उरत नाही. लक्षणीय म्हणजे किती? नियमांत दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत: बाळ जगूच शकणार नाही असा मोठा धोका, किंवा जन्मल्यास ते गंभीर अपंग होण्याचा संभव. तासाभरात जाणारे बाळ आणि पांगळे होऊन वर्षानुवर्षे जगणारे बाळ एकाच शब्दात बसवणे आम्हांला खटकते. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कायद्याने मोजमाप दिले आहे: जन्मल्यावर तीन महिन्यांच्या आत मृत्यू जवळजवळ निश्चित असणे. पण डॉक्टरांनी काही दिवसच दिलेली मुले कधी वर्षापलीकडे जगतात, हेही खरे.

आमची खरी तक्रार दुसरीच आहे. मंडळाने परवानगी द्यायची की नाकारायची, एवढेच आपला कायदा बोलतो. “मी बाळ ठेवते” म्हणणाऱ्या आईसाठी त्यात एक शब्दही नाही. सज्ञान स्त्रीच्या स्वतःच्या संमतीवाचून गर्भपात करता येत नाही. तेथे डॉक्टरांचा किंवा सासूबाईंचा शब्द चालत नाही. पण ती नको म्हणाली, तर पुढे काय? इंडियानाने २०१६ साली अशा आईला ‘पेरिनेटल हॉस्पिस’ची माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. म्हणजे बाळाला ऊब द्यायची, वेदना होऊ द्यायच्या नाहीत, निरर्थक यंत्रे लावायची नाहीत, आईबापांच्या कुशीत राहू द्यायचे. आणि आईलाही सांभाळायचे. बाळ गेल्यावर दोन-चार दिवसांनी तिला पान्हा फुटतो, हे तिला आधी कोणी सांगत नाही. छातीवर गार पाण्याची घडी ठेवावी, दूध फार पिळू नये, ताप आल्यास दाखवावे. एवढे सांगणारे माणूस मंडळाच्या दारात बसवायला काय लागते?

जन्म इस्पितळात झाला तर तो कळवण्याची जबाबदारी इस्पितळाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची. उशीर झाला तरी विलंब शुल्क भरून नोंद होते, आणि चुकीची नोंद पुराव्यानिशी निबंधकाकडून दुरुस्त करून घेता येते. त्या भगिनीच्या यजमानांनी पेरणी आटोपताच अर्ज घातला. नावाच्या जागी त्यांनी बाप्तिस्म्याचे नाव लिहिले आहे.