जाहिरात आहे, हे ऐकू येऊ द्या

प्रति,
अध्यक्ष,
भारतीय जाहिरात मानक परिषद,
मुंबई



मी बत्तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. आता निवृत्त आहे आणि विद्यार्थी एकच उरलाय, साडेतीन वर्षांचा नातू. गेल्या महिन्यात त्याच्या आत्याने त्याला डंपर आणला. पठ्ठ्याने खोका फाडला, डंपर बाहेर काढला, डोक्यावर उंच धरला आणि समोर नसलेल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “वॉव गाईज!” मग डंपर बाजूला सारून विचारलं, “आता पुढचं?” डंपरमध्ये त्याने काही भरलं नाही, काही ओतलं नाही. संध्याकाळी तोच डंपर घेऊन माझ्याकडे आला. “आजी, हा परत पॅक कर.”

खेळणं हिसकावणारी, मोडणारी, चड्डीच्या खिशात लपवून घरी नेणारी मुलं मी खूप पाहिली. न खेळता नुसतं उघडत राहणारं मूल पहिल्यांदाच पाहिलं, तेही माझ्याच घरात.

मोबाईलच्या नावाने बोटं मोडून मी मोकळी होणार नाही. वरणभाताचा घास पोटात जावा म्हणून खेळण्यांचे खोके उघडून दाखवणारा व्हिडिओ मीच लावून दिला होता. मी ओट्याशी, तो जमिनीवर. मला ऐकू यायचं ते एवढंच : कागद फाटल्याचा आवाज, एका बाईंचा लाडिक स्वर, मागे टिंगटिंग धून. शिव्या नाहीत, मारामारी नाही. म्हटलं, बरं आहे. हे ‘बरं आहे’ मी कानाने ठरवलं होतं, डोळ्याने नाही. ज्या घरात एकाच वेळी कुकर, इस्त्री आणि सुनेची ऑफिसची मीटिंग चालू असते, तिथे ते कानानेच ठरतं. माझं तुमच्याकडे मागणं आहे ते या कानासाठी.

तुम्ही २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केलेत. पैसे घेतले असोत की वस्तू फुकट मिळालेली असो, कंपनीशी लागाबांधा असेल तर ‘जाहिरात’ अशी पट्टी दाखवायची. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती निदान ३ सेकंद राहायला हवी. २ मिनिटांच्या किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत, वस्तूबद्दल जितका वेळ बोलणं चालेल तितका वेळ. नियम चांगला आहे, मनापासून सांगते. पण ही पट्टी वाचणार कोण? ज्याच्यासाठी व्हिडिओ आहे त्याला अजून ‘अ’ ओळखता येत नाही. ज्यांना वाचता येतं ते पोळ्या लाटताहेत. शिवाय पट्टी इंग्रजीतही चालते. शेजारच्या आजी मराठी सातवी शिकलेल्या. नात त्यांच्याकडेच असते दिवसभर.

आता तुमच्याच नियमांतलं दुसरं कलम बघा. नुसत्या ऐकायच्या माध्यमात जाहिरात असेल तर ते सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगायचं, असं तुम्ही लिहून ठेवलंय. लहान मुलांचा खेळण्यांचा व्हिडिओ घरातल्या मोठ्यांसाठी रेडिओच असतो हो. मग तेच कलम इथे का नको? “ही जाहिरात आहे. हे खेळणं आम्हाला कंपनीने दिलं आहे.” एवढी दोन वाक्यं, व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्या भाषेत, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. धून थांबवून.

पोराला ती कळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्येच सांगितलं होतं, की आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीमागचा हेतू उमगत नाही. दाखवलं ते तो खरं मानतो. ती वाक्यं माझ्यासाठी हवीत. ऐकली की मी हात पुसून बाहेर येईन आणि बघेन काय चाललंय ते.

हा धंदा किती मोठा आहे ते तुम्हाला मी काय सांगावं. अमेरिकेत २०१५ मध्ये रायन नावाच्या तीन वर्षांच्या मुलाचे खेळणी उघडतानाचे व्हिडिओ त्याच्या आईवडिलांनी टाकायला सुरुवात केली. ‘फोर्ब्स’च्या अंदाजाने २०१८ च्या यादीपर्यंत त्याची वर्षाची कमाई २ कोटी २० लाख डॉलर झाली होती. २०१९ मध्ये तिथल्या एका ग्राहक संस्थेने सरकारकडे तक्रार केली, की शाळेतही न जाणाऱ्या मुलांना यात जाहिरात कुठली आणि खेळ कुठला हे कळूच शकत नाही. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये बजावलंय, की मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा जाहिरातीने फायदा घेऊ नये. तुमची संस्था सरकारी नाही, १९८५ साली जाहिरातक्षेत्राने आपणहून स्वतःला लगाम घालायला उभी केलेली. म्हणजे नवीन कायद्याची वाट बघायचं कारण नाही.

आणखी एक. दुकानात मी खोका उलटा करते, वय बघते, आयएसआयची खूण बघते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची झाली आहे. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असं लिहिलेलं असेल तर परत ठेवते, कारण बारीक तुकडा घशात अडकतो. व्हिडिओत मात्र सगळ्यात आधी फाडून फेकला जातो तो खोकाच. तेव्हा खेळणं कोणत्या वयासाठी आहे तेही त्याच दमात बोलून सांगायला लावा.

सगळेच व्हिडिओ जाहिराती नसतात. कुणी स्वतःच्या पैशाने खेळणी आणून उघडत असेल तर तुमचा नियम त्याला लागू होत नाही, आणि व्हावा असंही मी म्हणत नाही. तिथे आम्हीच बघायचं. माझ्यापुरतं मी एक ठरवलंय : व्हिडिओ संपल्यावर पोरगं काय मागतं ते बघायचं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायच्या छोट्या फिल्म केल्या. त्यातली एक लावली, तर नातू स्ट्रॉ शोधायला स्वयंपाकघरात धावला. कापाकापी मलाच करावी लागली, शिट्टीही नीट वाजली नाही, पण तासभर आम्ही दोघं फुंकत बसलो. खोके उघडण्याचा व्हिडिओ संपला की तो दुकानाचं नाव घेतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शिंपले, बिया, दगड, पानं यांवर बालवाडी चालवली. आम्ही त्यांचं नाव घेत शिकवायला लागलो आणि म्हातारपणी नातवाला प्लास्टिकची अंडी उघडणाऱ्या व्हिडिओपुढे बसवून मोकळे झालो. लाज वाटते थोडी.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त १ तास पडदा, कमी असेल तर उत्तम. आमच्याकडे तो तास दोन वेळच्या जेवणात संपतो. त्या तासात नेमकं काय चाललंय हे ओट्यापर्यंत ऐकू यावं, एवढंच म्हणणं आहे.

तक्रार करायला तुम्ही व्हॉट्सॲपची सोय केली आहे, ते चांगलं. पण तक्रार करायची तर आधी ती जाहिरात होती हे कळायला हवं ना?

नियमात दोन ओळी वाढवा. उत्तर मराठीत पाठवलंत तर शेजारच्या आजींनाही वाचायला देईन.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका

ता. क. : डंपर अजूनही रोज संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळावा लागतो. काल पहिल्यांदा त्यात शेंगदाणे भरले.