पदव्युत्तर परिचारिकेला पद हवे

परिचर्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली परिचारिका आपल्याकडे रुग्णाच्या खाटेपाशी क्वचित दिसते. ती बहुधा नर्सिंग महाविद्यालयाच्या फळ्यापाशी भेटते. तिच्या पदवीला रुग्णालयांच्या पदरचनेत जागाच ठेवलेली नाही, हे त्याचे मुख्य कारण. अनेक देशांत मात्र या पदवीचा एक प्रमुख हेतू थेट रुग्णसेवा हा असतो. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २००२ मध्ये प्रगत परिचर्येची व्याख्या केली. तज्ज्ञ ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याची कुवत आणि विस्तारित सेवेसाठी लागणारे कौशल्य या तिच्या खुणा. अशा परिचारिकेचे शिक्षण किमान पदव्युत्तर असावे, असे परिषदेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले.

या शिक्षणाची पायवाट अमेरिकेत पडली. हिल्डगार्ड पेपलाव यांनी १९५४ मध्ये न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण परिचर्येतील तज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर कार्यक्रम आखला. डॉक्टर न पोहोचणाऱ्या वस्त्यांतील मुलांची तपासणी आणि आजारांची प्राथमिक हाताळणी परिचारिकांनी करावी, ही त्यामागची कल्पना. आज तेथे प्रगत परिचर्येच्या चार शाखा मानल्या जातात : नर्स प्रॅक्टिशनर, विशिष्ट रोगविभागातील क्लिनिकल तज्ज्ञ, भूल देणारी परिचारिका आणि नर्स मिडवाइफ. २००८ मध्ये या चौघींचे शिक्षण, परवाना आणि अधिकार यांचा एकच आराखडा ठरला. त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने या कामासाठी व्यावसायिक डॉक्टरेटचे ध्येय ठेवले.

असा अभ्यासक्रम तीन विषयांवर उभा असतो : प्रगत शरीरक्रिया व विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि रुग्णाची सखोल तपासणी. त्यांच्या जोडीला अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली शेकडो तासांचे काम असते. नेतृत्वाचा भाग वेगळा. वॉर्डाचे मनुष्यबळ आखणे, जंतुसंसर्गाचे प्रमाण मोजून ते खाली आणणे, अंदाजपत्रक वाचणे, संशोधनाचा निष्कर्ष रोजच्या पद्धतीत उतरवणे, धोरण ठरवणाऱ्या बैठकीत पुराव्यानिशी बोलणे, ही सारी कामे शिकवावी लागतात. सेवाज्येष्ठतेने ती आपोआप येत नाहीत.

या गुंतवणुकीचे फळ तपासले गेले आहे. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांची डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून झालेला अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचे अधिकार तेथे सारखेच होते आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांची प्रकृतीही जवळजवळ सारखीच आढळली. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांवरील २०१४ च्या अभ्यासात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तेथे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के कमी दिसली. ब्रिटनने तर २००६ मध्ये विशेष प्रशिक्षित परिचारिकांना आपल्या प्रावीण्याच्या कक्षेत औषधे लिहून देण्याची व्यापक मुभा दिली.

भारतातही पदवी शिक्षण नवे नाही. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्ये बी.एस्सी. नर्सिंग सुरू झाले. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात १९५९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी महाविद्यालय १९६४ चे. एम.एस्सी. दोन वर्षांची असून वैद्यकीय-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या तिच्या विशेष शाखा आहेत. शाखा रुग्णसेवेच्या असल्या तरी वाट मात्र अध्यापनाकडेच वळते, कारण महाविद्यालयांना मान्यतेसाठी पदव्युत्तर शिक्षक लागतात आणि रुग्णालयांना अशा परिचारिकांची गरज कागदावर वाटत नाही. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका या सरकारी शिडीवर मुख्यतः सेवेच्या वर्षांनी वर चढायचे असते. अतिदक्षता विभागातील तज्ज्ञता दाखवणारी पायरी तीत नाही.

ही कोंडी फोडण्याचे दोन प्रयत्न झाले. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता सेवेतील नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम तयार केला. बी.एस्सी. आणि वर्षभराचा रुग्णसेवेचा अनुभव असलेल्यांना त्यात प्रवेश मिळतो आणि शिक्षणाचा बहुतांश वेळ अतिदक्षता विभागात जातो. दुसरा प्रयत्न प्रसूतिसेवेचा. केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाची योजना आखली. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे प्रशिक्षित परिचारिकेने सांभाळावीत आणि जोखमीच्या मातांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाचा वेळ मोकळा व्हावा, हा त्यातला सरळ हिशेब.

अडचण पुढे येते. औषधविक्रीच्या १९४५ च्या नियमांनुसार परिशिष्ट ‘एच’मधील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच मिळतात. त्यामुळे अतिदक्षता विभागात दोन वर्षे घडलेल्या परिचारिकेचे अधिकार रुग्णालयाने आखून दिलेल्या कार्यपद्धतीपुरते राहतात. रुग्णालय बदलले की तेही बदलतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३२ ने प्राथमिक व प्रतिबंधक सेवेत मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य सेवादात्या’ची तरतूद केली. त्याला डॉक्टरांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. अपुऱ्या शिक्षणाच्या माणसाच्या हाती औषधे जाऊ नयेत, हा त्यांचा आक्षेप गैर म्हणता येणार नाही. पण त्याला उत्तर आहे ते शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी काटेकोर करण्यात. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांवर अनेक राज्यांनी बी.एस्सी. परिचारिकांना समुदाय आरोग्य अधिकारी नेमले. महाराष्ट्राने ही पदे प्रामुख्याने आयुर्वेद पदवीधरांना दिली. आरोग्य सेवेतील विस्तारित भूमिकेसाठी राज्याने परिचारिकेचा विचार आधी केला नाही, हे यातून दिसते.

राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोगाचा २०२३ चा कायदा १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आला आहे. त्याच्या अंमलबजावणीत चार गोष्टी पक्क्या व्हायला हव्यात. प्रगत परिचर्येची स्वतंत्र राष्ट्रीय नोंदवही हवी. ठरावीक यादीतील औषधे, चाचण्या आणि प्रक्रिया यांचे अधिकार देशभर एकसारखे हवेत व त्यासाठी औषध नियमांत दुरुस्ती हवी. काही वर्षांनी कौशल्याची फेरतपासणी हवी. आणि राज्यांनी वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांत क्लिनिकल तज्ज्ञ परिचारिकेची पदे वेतनश्रेणीसह मंजूर करायला हवीत. अधिसेविकेच्या पदासाठीही सेवाज्येष्ठतेबरोबर व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षणाला वजन द्यायला हवे.

यांतले पदे मंजूर करण्याचे काम राज्याच्या हातातले आहे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पदे मंजूर झाली की नव्या अभ्यासक्रमांना विद्यार्थी मिळतील आणि आज फळ्यापाशी असलेल्या अनुभवी एम.एस्सी. परिचारिकांना वॉर्डातही काम करता येईल, तेही विद्यार्थिनींना सोबत घेऊन. पदांविना नवे अभ्यासक्रम काढत राहणे म्हणजे परदेशी रुग्णालयांसाठी मनुष्यबळ तयार करणे होय.