तोड्याआधीचे दिवस पाळा : टमाटर उत्पादकांना जाहीर आवाहन

नागभीड तालुक्यातील शेतकरी बंधू-भगिनींनो, कृषी केंद्र चालकांनो आणि बाजारात पिशवी घेऊन येणाऱ्या सर्वांनो,

धान निघाले की आपल्याकडे बोडीच्या ओलीवर, विहिरीवर, वाडीत भाजी लागते. वांगी, मिरची, भेदरं म्हणजे टमाटर. कुणी शेडनेट उभारले आहे, कुणाच्या मनात पॉलीहाऊस आहे. या सर्वांना एकच कळकळीची विनंती : शेवटची फवारणी आणि तोडा यांच्यामध्ये औषधाच्या लेबलवर छापलेले दिवस पाळा.

बाजार उद्यावर आलेला असतो, फळावर अळी दिसते, म्हणून आदल्या संध्याकाळी पंप पाठीवर चढतो आणि सकाळी त्याच झाडांचा तोडा होतो. टमाटर आपण कोशिंबिरीत कच्चे खातो. लेकरे तर झाडावरचे तोडून तसेच तोंडात घालतात. टमाटरवर क्लोरँट्रानिलीप्रोल मारले तर ३ दिवस आणि इंडोक्झाकार्ब मारले तर ५ दिवस थांबायचे असते. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे असतात आणि ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असतात. ते पत्रक फेकू नका. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरते. असा अंश नळाखाली फळ धुऊन जात नाही, त्याला दिवसच द्यावे लागतात.

पॉलीहाऊसमध्ये ही काळजी अधिक हवी. तिथे पावसाने फळ धुतले जात नाही आणि उन्हातले अतिनील किरण वरचा कागद बऱ्याच अंशी अडवतो. त्यामुळे उघड्या वावरापेक्षा औषधाचा अंश सहसा सावकाश विरतो. शिवाय तोडा दर दोन-तीन दिवसांनी येतो. मग फवारणीचा दिवस तोड्यावरून ठरवा : आधी तोडा, मग फवारणी, आणि लेबलवरचे दिवस भरेपर्यंत पुढचा तोडा नाही. आठवडी बाजारासाठी माल काढणाऱ्याने बाजाराचा तोडा झाल्यावर फवारले, तर पुढच्या बाजारापर्यंत जवळजवळ आठवडा मिळतो. यात खर्च काहीच नाही.

“औषधात दम राहिला नाही” ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ती खोटी नाही, पण तिचे कारण बरेचदा आपल्याच फवारणीत सापडते. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि आपला फवारा वरून पडतो. टूटा ही नागअळी २०१४च्या सुमारास महाराष्ट्रात आली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून खाते, तिथवर वरवरचा थेंब पोहोचत नाही. त्यात आपण डब्याचे नाव बदलतो, आतला घटक मात्र तोच राहतो. पांढऱ्या माशीची पिढी उष्ण हवेत साधारण तीन आठवड्यांत पुरी होते. त्याच घटकातून वाचलेल्या माश्यांचीच पिल्ले पुढे वाढत गेली की तो घटक निकामी ठरतो. मग मात्रा वाढते, एका पंपात तीन औषधे आणि वर टॉनिक पडते. कीड मरत नाही म्हणून फवारणी वाढते, आणि फवारणी वाढली की थांबायला दिवसच उरत नाहीत.

म्हणून घटकाचे नाव वाचून गट बदला आणि नोझल पानाखाली धरा. फवारणीआधी पान उलटून पाहा. शेडनेटला ४० मेशची कीटकरोधक जाळी आणि दोन दारे ठेवा, आत पिवळे चिकट सापळे लावा. पाने आकसलेले, विषाणूग्रस्त झाड उपटून नष्ट करा, त्याला औषध नाही. उघड्यावर टमाटरच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावली की फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे ओढला जातो. ५ टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. कीड ओळखू येत नसेल तर पान-फळ घेऊन सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

बारकाईने पाहणे या तालुक्याला शिकवावे लागू नये. आपल्याच तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, जपल्या, आणि त्यातून एचएमटी धान उभे राहिले.

थांबायचे दिवस पाळणे जमते, हेही आपल्याच राज्यात दिसले आहे. २००३ साली युरोपात महाराष्ट्राच्या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश सापडला. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची अंश-तपासणी सुरू झाली आणि बागायतदार तोड्याआधीचे दिवस मोजू लागले. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी जे पाळले जाते, ते नागभीड-तळोधीच्या बाजारातल्या लेकरासाठीही पाळले गेले पाहिजे.

फवारणाऱ्यालाही जपा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मजुराला मालकाने द्यावेत.

कृषी केंद्र चालकांनो, टमाटरसाठी शिफारस नसलेले औषध टमाटरवाल्याला देऊ नका. पक्के बिल द्या आणि थांबायचे दिवस तोंडी सांगा, कारण प्रत्येकाला बारीक अक्षर वाचता येत नाही. गिऱ्हाइकांनो, एखाद्या डागासाठी माल परत करू नका. बिनडागी फळाचा हट्ट शेतकऱ्याला आणखी एका फवारणीकडे ढकलतो. भाजी खाणे मात्र सोडू नका. वाहत्या पाण्यात धुऊन खा, आणि विकणाऱ्याला विचारा : “फवारणी कधी केली होती?”

शेतकरी बांधवांनो, या प्रश्नाचे उत्तर तारखेसह देता यावे म्हणून आजपासून एक वही ठेवा. फवारणीची तारीख, घटकाचे नाव, मात्रा आणि तोड्याची तारीख, एवढेच त्यात लिहा.

आपला,
नागभीड तालुक्यातील एक भाजीपाला उत्पादक