वाचक किती आणि लेखक किती?

स्वतःचे म्हणणे स्वतःच प्रसिद्ध करणे आज जितके स्वस्त झाले आहे तितके ते यापूर्वी कधीच नव्हते. छापखाना नको, कागद नको, संपादकाची संमतीही नको. हातातला मोबाइल पुरतो. साहजिकच एखाद्या लेखकाचे वजन ठरविताना आमचे विद्यार्थी एकच प्रश्न विचारतात : त्याला किती लोक वाचतात? व्यक्तीच्या प्रभावाचे हे माप कितपत खरे आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साह्य दिले. तरीही १९२३ मध्ये ते बंद पडले. महाडच्या सत्याग्रहापाठोपाठ, एप्रिल १९२७ मध्ये, 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकाने भरण्याचा भार बव्हंशी बाबासाहेबांनी एकट्याने वाहिला; १९२९ मध्ये तेही थांबले. वर्गणीदार मोजके, जाहिराती दुर्मिळ, आणि ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. जमाखर्चाच्या दृष्टीने हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. परंतु त्या पत्रांचे मोल खपाच्या आकड्यांनी करू धजेल असा कोण आहे?

त्या परंपरेचा एक धागा आमच्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, पुढे चालू राहिला. बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय स्थापन केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथे अध्यापन केलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालविले आणि २०१८ साली निधन होईपर्यंत ते व्रत सोडले नाही. दैनिकांच्या खपापुढे त्रैमासिकाचा खप तो काय! पण प्रस्थापित नियतकालिकांत ज्यांना सहजी प्रवेश नव्हता, अशा कितीतरी दलित लेखकांना त्याने लिहिते केले. पानतावण्यांचा प्रभाव त्यांना वाचणाऱ्यांत जेवढा, त्याहून अधिक त्यांच्यामुळे लिहू लागलेल्यांत शोधावा लागतो.

अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, उत्पादनखर्च उतरला की पुरवठा वाढतो आणि टंचाई दुसरीकडे सरकते. आज शब्दांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे वाचकाच्या वेळेचा आणि विश्वासाचा. वेळ आतषबाजीने मिळविता येतो. विश्वास मात्र वर्षानुवर्षे, थोडाथोडा, शब्दाला जागूनच साठवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, जुन्या व्यवस्थेचे गोडवे कशाला? पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. आक्षेप रास्त आहे. दारावरचा तो पहारा उठला, ही मोठीच कमाई होय. खेड्यातल्या विद्यार्थ्याला आज कोणाची आर्जवे करावी लागत नाहीत. मात्र दार अडविणाऱ्या संपादकाबरोबर लेख दुरुस्त करून परत पाठविणारा, 'हा पुरावा कच्चा आहे' असे खडसावणारा संपादकही निघून गेला. पहिला गेल्याचा आनंद मानताना दुसऱ्याची उणीव लक्षात येऊ नये, हे शोचनीय आहे.

ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी प्रथम शिक्षकांवर येते. बंद पडलेली भित्तिपत्रके पुन्हा लावावीत. वार्षिक अंकातील लेखनावर, छापण्यापूर्वी, लेखकाशी बसून चर्चा करावी. नव्या साधनांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना झिडकारण्यापेक्षा त्यांचे लेखन वाचून चुका दाखवाव्यात. यासाठी अनुदान लागत नाही. लागतो तो आठवड्यातला एखादा तास. विद्यार्थ्यानेही आपल्याला किती लोकांनी वाचले हे जरूर मोजावे. पण आपल्या लेखनामुळे किती जणांना बोलण्याचे बळ आले, हा हिशेब त्याच्याच शेजारी मांडावा. पहिला आकडा रोज बदलेल. दुसरा वाढायला वेळ लागेल, पण मागे उरेल तो तोच.