दुकान कापड बाजारात, गिऱ्हाईक मोबाईलमध्ये

'गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो' असं सांगून छोट्या दुकानदारांकडून दरमहा पैसे घेणारे आता नगरमध्येही झाले आहेत. माझ्या मते यातला बराच पैसा वाया जातो. जाहिरात ही गोष्ट वाईट नाही. पण गिऱ्हाईकाची शोधायची सवय बदलली आणि जाहिरात जुन्याच सवयीवर चालली आहे.

गूगलने २००० मध्ये जाहिराती घ्यायला सुरुवात केली. आजची पद्धत साधारण अशी: तुम्ही एखादा शब्द निवडता, समजा 'शेरवानी'. कुणी तो शोधला की त्याच क्षणी लिलाव होतो. बोली किती आणि जाहिरात शोधणाऱ्याच्या किती उपयोगाची, हे पाहून जागा ठरते. जाहिरातीवर बोट पडलं की पैसे कटतात. माणूस संगणकासमोर बसून दोन-तीन शब्द टाइप करायचा तोवर हा हिशेब सोपा होता.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी आणि उर्दूत बोलून शोधायची सोय दिली. आमच्या अम्मीच्या पिढीच्या बायका, ज्या कधी टाइप करणार नव्हत्या, फोन तोंडाशी धरून अख्खं वाक्य विचारू लागल्या. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले. माझ्या वर्गातली मुलं कपडे कुठे घ्यायचे हे गूगलला विचारत नाहीत, रील बघून ठरवतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं, सुरुवातीला इंग्रजी आणि हिंदीत. उत्तर वरच मिळालं तर खाली कोण उतरणार?

त्यात आपल्या गावाची वेगळीच गंमत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावाच्या वादात मी आज शिरत नाही. पण धंद्याच्या बाजूने बघा: कुठे पाटीवर जुनं नाव, कुठे बिलावर नवं, आणि बोलताना सगळे नुसतं 'नगर'. शिवाय आपण घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी. अशा गावात नुसत्या इंग्रजी शब्दांवर बोली लावून काय साधणार?

मग करायचं काय? गूगलवर आपल्या धंद्याची नोंद फुकट होते, ती आधी करा. पासवर्ड एजन्सीकडे नको, स्वतःकडे ठेवा. पत्ता नव्या नावाने द्या, माहितीत जुनंही नाव येऊ द्या. जुम्म्याला दुकान किती वाजता बंद असतं, रमजानात किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे लिहा. गिऱ्हाईक दुकानात येऊन ज्या शब्दांत विचारतं, त्याच शब्दांत चार ओळी मराठीत लिहा. कारागिराचा हात दिसेल असा छोटा व्हिडिओ टाका. लग्नसराईत किंवा उमराहच्या सहलींसाठी पैसे देऊन केलेली जाहिरातही उपयोगी पडू शकते, पण हे सगळं झाल्यावर.

एक मात्र करू नका. खोटे अभिप्राय विकत घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, ते ऐच्छिक आहे. पण आपल्याला त्याची वाट बघायची गरज काय? ऐब लपवून माल विकणं आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. मग खोटी तारीफ विकत घेणं जायज कसं?

हा प्रश्न दुकानापुरताही नाही. एआय जे उत्तर देतं ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून. आपल्या मोहल्ल्यांविषयी, हुनरांविषयी, धंद्यांविषयी आपण मराठीत लिहिलंच नाही तर उत्तर दुसऱ्याच्या शब्दांत येईल, किंवा येणारच नाही. पैसे संपले की जाहिरात त्याच दिवशी दिसेनाशी होते. खरेपणाने लिहून ठेवलेली माहिती पुढेही सापडत राहते.