सत्तरीतल्या बाईलाही विचारा

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना. गाठ कशी ओळखावी, तपासणी कधी करावी हे या महिन्यात आवर्जून सांगितले जाते. पण गाठ सापडल्यावर कोणती शस्त्रक्रिया करायची, हा निर्णय कसा होतो, याची चर्चा फारशी होत नाही. रुग्ण सत्तरीची असेल, तर तो अनेकदा तिला न विचारताच होतो.

बाह्यरुग्ण विभागातले हे नेहमीचे चित्र. आजी स्टुलावर बसलेल्या, फाइल मुलाच्या हातात. डॉक्टर मुलाशी बोलतात. मुलगा म्हणतो, "या वयात आता काय ठेवायचंय? सगळं काढून टाका, म्हणजे काळजी मिटली." आजी पदर सावरत मान हलवतात आणि तोच होकार समजला जातो.

पूर्ण स्तन काढला की आजार मुळासकट गेला, ही समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी ती तपासून पाहिली. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला, तर काहींची फक्त गाठ व भोवतालचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्तन वाचवल्यास त्याच स्तनात गाठ पुन्हा होण्याचा धोका थोडा राहतो, पण दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. म्हणजे गाठ लहान आणि एकाच जागी असेल, तर निवडीला वाव असतो.

मग वयस्कर स्त्रीला काय हवे असते? सगळ्यांचे उत्तर एक नसते. काहींना पूर्ण स्तन काढणेच बरे वाटते. गाठ परत येण्याची धास्ती नको, किरणोपचारांसाठी शहरात मुक्काम नको, मुलासुनेला हेलपाटे नकोत. ही कारणे खरी आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण काहींना आपले शरीर आहे तसे हवे असते. पोलके नीट बसावे, नातीसमोर अवघडल्यासारखे होऊ नये. हे बोलून दाखवायची मात्र त्यांना लाज वाटते. 'या वयात असले काय बोलायचे?'

अमेरिकेत ६७ वर्षे व त्यापुढील ५६३ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार निवडताना शरीराच्या रूपाचा विचार महत्त्वाचा होता, असे त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी सांगितले. स्तन वाचावा अशी इच्छा असूनही ज्यांचा तो काढला गेला, त्यांच्या मनात दोन वर्षांनंतरही आपल्या शरीराविषयी सर्वाधिक नाराजी होती.

किरणोपचारांची अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. पाच आठवड्यांचे उपचार अनेकींना तीन आठवड्यांत देता येतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ६५ वर्षे व त्यापुढील ज्या स्त्रियांची गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आणि काखेत न पसरलेली होती, त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार न देता फक्त गोळ्या दिल्या. १० वर्षांत त्याच स्तनात गाठ परत येण्याचे प्रमाण किरणोपचार घेतलेल्यांत एक टक्क्याच्या आत, तर न घेतलेल्यांत साडेनऊ टक्के होते. जगण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच, सुमारे ८१ टक्के. अर्थात या गोळ्या पाच वर्षे नियमित घ्याव्या लागतात.

प्रत्येकीला हे पर्याय मिळतीलच असे नाही. गाठी अनेक जागी असतील, तर पूर्ण स्तन काढावा लागू शकतो. हृदय किंवा फुप्फुसे फारच कमकुवत असतील, तर शस्त्रक्रिया टाळून फक्त गोळ्यांवर आजार काही काळ आटोक्यात ठेवण्याचा विचार होतो. पण हे ठरवताना जन्मतारखेपेक्षा तब्येत पाहायला हवी. रोज देवळापर्यंत चालत जाणारी पंचाहत्तरीची बाई आणि अंथरुणाला खिळलेली पासष्टीची बाई यांना एकच नियम लावता येत नाही.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी तीन प्रश्न विचारावेत. स्तन वाचवता येईल का? किरणोपचार लागतील का, आणि किती दिवस? कोणत्या पर्यायात पुढे काय त्रास होईल? उत्तरे आजींना समजतील अशा भाषेत, त्यांच्याशीच बोलून द्यावीत. घरच्यांनी चार-आठ दिवस विचाराला द्यावेत. तेवढ्याने सहसा बिघडत नाही. आणि डॉक्टरांनी पाच मिनिटे मुलाला बाहेर बसवून आजींना एकटीला विचारावे, "तुम्हाला काय वाटतं?"